शब्दचर्चा : ‘एचडी रेडी’ आणि १०८०च्या शेपटीतले ‘आय’-‘पी’

प्रश्न : तपकीर गल्लीत ३२ इंची टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं, खाली बारीक अक्षरांत १३६६ × ७६८, आणि सेटटॉप बॉक्स जोडला की पडद्यावर १०८०आय. खरं काय धरायचं? रिझोल्यूशनला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : तिन्ही खरंच आहे. १३६६ × ७६८ हे पडद्याचं माप, १०८०आय हे येणाऱ्या सिग्नलचं. ‘रेडी’ म्हणजे टीव्ही एचडी सिग्नल घेतो, इतकंच. २००५मध्ये युरोपात हे लेबल ठरलं तेव्हा पडद्याला किमान ७२० ओळींची अट होती. फुल एचडीचे (१९२० × १०८०) २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे बिंदू, इथल्या १३६६ × ७६८च्या १०,४९,०८८मध्ये कोंबायचे, म्हणजे जवळपास निम्मे गेले. लॅपटॉप जोडला की अनुस्वार आणि रफार आधी पुसट होतात, ते यामुळे.

परिभाषेत ‘विभेदन’ आहे, पण दुकानात तो शब्द वापरून पाहाच! टीव्हीपुरतं ‘बिंदुसंख्या’ बरं, कारण खोक्यावर छापतात ती बिंदूंचीच संख्या.

आणखी एक उत्तर : ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह, त्याला ‘सलग’ म्हणावं, आणि ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड, त्याला ‘एकाआड’. १०८०पीमध्ये सगळ्या ओळी एकदम येतात. १०८०आय ५०मध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात, एकात विषम ओळी, पुढच्यात सम. टीव्हीला ती जुळवावी लागतात. जुळवणी कच्ची असेल तर धावणाऱ्या फलंदाजाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. देवनागरीचं दुखणं निराळंच. शिरोरेषा एकाच ओळीची जाड असली तर ती एकाच अर्ध्या चित्रात येते आणि लुकलुकते. बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांची शिरोरेषा म्हणून निदान दोन ओळींची ठेवावी.

पुरवणी : ७२० आणि १०८० हे आकडे उंचीचे, ‘४के’ मात्र रुंदीचा, तोही फुगवून. टीव्हीत ३८४०च असतात. ४०९६ सिनेमाच्या पडद्याला. फुल एचडीच्या चौपट पिक्सेल होतात ते रुंदी-उंची दोन्ही दुप्पट झाल्यामुळे. ‘४’शी त्याचा संबंध नाही.

बॉक्स एचडी असूनही पिवळी-पांढरी-लाल वायर लावली असेल तर ५७६ ओळींच्या वर काही मिळणार नाही. एचडीएमआय लावा, बॉक्सच्या मेनूत आउटपुट १०८०आय करा. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर टीव्हीच्या पिक्चर मेनूत ओव्हरस्कॅन (चित्र मोठं करून कडा कापणं) बंद करा. काही टीव्हींत त्यासाठी ‘जस्ट स्कॅन’ निवडावं लागतं.