मदत हवी आहे: पावसात शाळा बंद पडते तेव्हा नववीचं गणित कसं चालू ठेवावं? (घरी फोन नाही त्या मुलांसकट)

नदीकाठचा मास्तर

नमस्कार मंडळी,

शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठच्या एका गावात मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. नववीचा वर्ग, पट ४६. मदत हवी आहे ती नियोजनाची. कुठलं ॲप चांगलं, हे विचारत नाहीये. मागं एका ग्रुपवर हाच विषय काढला तर सगळी उत्तरं ॲपचीच आली.

आमच्याकडं पूर आला की पाणी लवकर हलत नाही. खाली कृष्णेचा फुगवटा असतो, पंचगंगा पुढं सरकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या खोल्यांत पाणी होतं. २०२१ च्या जुलैत कोरोनामुळं शाळा बंदच होती, त्यात पूर आला, आणि ज्या फोनवर वर्ग घेत होतो ते चार्ज करायलाही गावात वीज नव्हती. एवढा मोठा पूर नसला तरी रस्ता पाण्याखाली गेला की काही दिवस जातातच. नेमका तेव्हा बहुपदीचा धडा अर्ध्यात असतो. मुलं परत आली की निम्म्या वर्गाला पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं.

यंदा मुख्याध्यापकांनी सांगितलं, "सर, थोडं ऑनलाइन, थोडं वर्गात असं नियोजन जूनमध्येच लिहून द्या." मी आधी मुलांना विचारून वहीत नोंदी केल्या. "घरी फोन आहे का?" असं विचारलं नाही. २०२० ला तेच विचारून फसलो होतो. सगळ्यांनी हात वर केले आणि पहिल्या तासाला निम्मेच आले. या वेळी विचारलं, फोन कुणाचा, घरी किती वाजता येतो, घरात शिकणारी भावंडं किती, रिचार्ज संपला की किती दिवसांनी होतो. २७ घरांत फोन आहे, पण संध्याकाळी सात-साडेसातनंतर. १२ जणांना आठवड्यातून दोन-तीनदा मिळतो. ७ जणांकडं साधा बटणांचा फोन.

गेल्या पावसाळ्यात मी उदाहरणांचे फोटो ग्रुपवर टाकले होते. शाळा सुरू झाल्यावर वह्या तपासताना एका मुलीच्या चौथ्या उदाहरणात एक्सच्या डोक्यावरचा २ खाली, ओळीत उतरवलेला दिसला. पद एक घाताचं झालं, बहुपदीच बदलली. तिनं मैत्रिणीच्या फोनवरून उतरवून घेतलं होतं आणि त्या फोनच्या काचेला नेमका तिथंच तडा होता. त्या चुकीच्या बहुपदीवर तिनं दीड पान सोडवलं होतं. एकही पायरी गाळली नव्हती. मी लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

तर विचारायचं हे, की घरी काय द्यायचं आणि वर्गासाठी काय राखायचं? त्या ७ जणांना वेगळं काही द्यावं का? तपासायचं कसं? आणि व्हिडिओ करावेत का? माझा सात मिनिटांचा पहिला व्हिडिओ ८६० एमबीचा झाला, तो कुणालाच पाठवता आला नाही.

---

गगनबावडेकर

सर, आमच्याकडच्या पावसाचं तुम्हाला सांगायला नको. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे.

सात जणांना वेगळं देऊ नका. आम्ही ते केलंय. फोनवाल्यांना व्हिडिओ, बाकीच्यांना झेरॉक्स. पोरांनी झेरॉक्सला "गरिबांचा गठ्ठा" असं नाव ठेवलं आणि ज्यांच्यासाठी काढले तीच पोरं घ्यायला येईनात. पुढच्या सत्रापासून सगळ्या वर्गाला एकच संच दिला. कागदावर अभ्यास पूर्ण झाला पाहिजे. फोन असेल त्याला वरून जादा मिळेल, पण फोनवाचून काही अडता कामा नये.

संच पाच दिवसांचा, दिवसाला एक पान. वर एक सोडवलेलं उदाहरण, प्रत्येक पायरीसमोर "हे का केलं" याची एक ओळ. खाली तीन सोडवायला. शेवटी एक मुद्दाम चुकवलेलं उत्तर, चूक कुठं ते शोधायचं. हे शेवटचं पोरांना फार आवडतं, घरात मोठ्या भावंडालाही बोलावतात. पहिल्या दिवसाची उत्तरं तिसऱ्या दिवसाच्या पानावर छापतो. उत्तर लगेच मागच्या पानावर असलं की हात आपोआप तिकडं जातो.

वाटपाला दूध संस्था धरा. सकाळ-संध्याकाळ बहुतेक घरातलं कुणीतरी दूध घालायला येतंच. आमच्या संस्थेच्या सचिवांनी फॅट मशीनशेजारी एक खण दिला. नवीन संच तिथून न्यायचा, भरलेली पानं तिथंच ठेवायची. फक्त पुरात संकलनही बंद पडतं, म्हणून पहिला संच पाणी येण्याआधी घरात हवा. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज कळतेच. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ ला. तुम्ही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, ३९ ची वाट बघू नका. पस्तिशीला पाणी चढतं दिसलं की त्याच दिवशी संच दप्तरात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

---

तारजोड

मी शिक्षक नाही, शाळांच्या संगणक लॅब जोडून देतो. व्हिडिओचं सांगतो. फोनचा कॅमेरा फुल एचडीवर असतो म्हणून फाइल एवढी फुगते. फळ्याला आणि आवाजाला ३६० पी पुरतं, अक्षर मोठं काढा. तीच फाइल लहान करून २५-३० एमबीवर येईल. सातऐवजी चार मिनिटांचे दोन करा.

शाळेत जुना लॅपटॉप आणि साधा राउटर असेल तर कोलिब्री बघा. मोफत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. लॅपटॉपवर एकदा भरून ठेवलं की राउटरच्या टप्प्यातले फोन आणि लॅबमधले संगणक त्यावरून धडे उघडतात. स्वतःचे व्हिडिओ कोलिब्री स्टुडिओतून घालता येतात. दीक्षा ॲपमध्येही बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून साहित्य आधीच उतरवून ठेवता येतं, मग घरी रेंज नसली तरी दिसतं. २७ जणांच्या घरचे फोन एका पालकसभेला शाळेत मागवा आणि पावसाआधी उतरवून द्या. गावात रेंज गेल्यावर लिंक पाठवून काही होत नाही.

---

कुरुंदवाडची आई

सर, पालक म्हणून बोलू का? माझी दोन मुलं, फोन एक, तो ह्यांच्याबरोबर इचलकरंजीला कारखान्यात जातो. ते घरी आले की दोघांच्या मिळून सात विषयांचे निरोप एकदम खणखणतात. कुठला आजचा, कुठला कालचा, काही कळत नाही. धाकटा रडायला लागतो. कृपा करून सगळ्या शिक्षकांनी मिळून दिवसाचा एकच निरोप पाठवा, ठरल्या वेळी. आणि थेट तास घेऊच नका, निदान सातच्या आत नको.

आणखी एक. वर्गाच्या ग्रुपमध्ये मुलींच्या घरचे नंबर सगळ्यांना दिसतात. आमच्या एका नातेवाइकांच्या मुलीला त्यावरून नको ते मेसेज आले. तिनं अभ्यासाचा ग्रुपच सोडला, आईला कारणही सांगितलं नाही.

---

तारजोड

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. सर, व्हॉट्सॲपवर ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. फक्त प्रत्येकानं तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही. ते पालकसभेतच करून घ्या. मुलांचे चेहरे दिसतील असे व्हिडिओ फिरवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे. तसंही वहीचं पान दिसलं की काम होतं.

---

जुनी फळी

सर, मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. घरी काय आणि वर्गात काय, यावर लिहितो.

थेट तासांचा मोह टाळा. ऑनलाइन शिक्षणासाठी केंद्र सरकारनं काढलेल्या २०२० च्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांनीही नववी ते बारावीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं सांगितली होती. ती सगळ्या विषयांची मिळून, म्हणजे तुमच्या वाट्याला एखादंच. तेवढ्यात तुम्ही बोलणार आणि मुलं ऐकणार. ऐकायचं काम कागदावर नाहीतर रेकॉर्डिंगवर होतं. जिथं मूल अडतं, तिथं मात्र माणूस लागतो. म्हणून व्याख्या, सोडवलेलं उदाहरण, सोपा सराव हे घरी. "हे असंच का?" हा प्रश्न, भूमितीतल्या सिद्धता आणि चुकांची चर्चा वर्गासाठी राखा.

धड्यांचाही क्रम बघा. बहुपदी पायरीवर पायरी चढते, एक हुकली की पुढचं सगळं डळमळतं. सांख्यिकीचं तसं नाही. घरात बसून मुलगा आठवड्याच्या दुधाच्या नोंदी घेईल, वारंवारता सारणी करेल, मध्य काढेल. पुस्तकात सांख्यिकी शेवटी आहे म्हणून शेवटीच घ्यावी असं नाही. बहुपदी जूनमध्येच वर्गात उरका आणि जुलै-ऑगस्टच्या संचात सांख्यिकी घाला. वार्षिक नियोजन पावसाकडं बघून लिहा.

शाळा सुरू असताना आठवड्यातून एक तास तीन गट करा. एक लॅबमध्ये, एक संचावर, एक तुमच्या टेबलाभोवती. पंधरा मुलं समोर बसली की कोण कुठं अडलंय ते चेहऱ्यावर दिसतं. आणि मुलांना हीच पद्धत सवयीची होते. पुरात एकदम नवीन काही शिकवू नका.

नवीन फोन विकत घ्यायला पालकांना सांगू नका, ही हात जोडून विनंती. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते मोफत ठेवूनच. फोनची अट घालणं म्हणजे मागच्या दारानं फी लावणं.

---

नदीकाठचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून दोनदा वाचलं. सांख्यिकी पुढं आणायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुस्तकाचा क्रम म्हणजे क्रम, असं धरून चाललो होतो.

तपासणीचं अजून अडतंय. ४६ जणांची पाच-पाच पानं म्हणजे २३०. मी एकटा, दहावीही माझ्याकडंच. साध्या फोनवर मुलांशी बोलावं का?

---

जुनी फळी

बोलाच. सगळी पानं तपासू नका. फक्त "चूक शोधा" तेवढं बघा, त्यात बाकीचं सगळं कळतं. रोज सहा मुलांना फोन, प्रत्येकी तीन मिनिटं. एकच सांगायचं, "कालचं दुसरं उदाहरण कसं केलंस, बोलून दाखव." आठ दिवसांत वर्ग पूर्ण होतो. सुरुवात त्या सात जणांपासून करा. साध्या फोनला चार्जही जास्त टिकतो.

---

नदीकाठचा मास्तर

हे जमेल. आज मुख्याध्यापकांशी बोललो, बहुपदी आधी घ्यायला त्यांची हरकत नाही. पालकसभा पुढच्या रविवारी ठेवलीय, संध्याकाळी, फोन घरी आल्यावर. दूध संस्थेच्या सचिवांना उद्या भेटतो.

पहिला संच मी हातानं लिहून झेरॉक्स काढणार आहे. घातांक ठळक, मोठे. ज्या मुलीचं लिहिलं होतं तिला आज पान दाखवलं, "वाचता येतंय का?" विचारलं. तिनं एक्सच्या वरच्या २ वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, हा अजून थोडा वर घ्या."

गगनबावडेकर, तुमच्या संचाचं एखादं पान फोटो काढून इथं टाकता येईल का? पायरीसमोरची "का" ची ओळ किती लांब ठेवता, ते बघायचं आहे.