मदत हवी आहे: गोल्फमध्ये ड्रायव्हरचा बॉल उजवीकडेच जातो, रविवारी मॅच

दुपारचा_चहा
नमस्कार मंडळी. ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने, मारलेला बॉल दहातून आठ वेळा उजवीकडे वळून झाडीत जातो. असं उजवीकडे वळणं म्हणजे स्लाइस, त्यावरचे सगळे व्हिडिओ पाहिले, तीन आठवडे ते सांगतात तसं केलं, ग्रिपही बदलली. उलट जास्तच वळायला लागलाय. रविवारी ऑफिसची मॅच आहे आणि साहेब माझ्याच फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात. झटपट काहीतरी सांगा. "कोच लावा" सांगू नका, वेळ नाहीये.

खडूस_काका
मान वर येतेय, दुसरं काही नाही. बॉल गेल्यावरसुद्धा मनात तीन आकडे मोजायचे, मगच मान उचलायची. आणि डावा हात काठीसारखा ताठ. १९९८ पासून खेळतोय, मला आमच्या कॅडीने हेच शिकवलं.

अनुपमा_रा
काका, मान अशी खिळवून ठेवली की खांदे पुढे फिरतच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरते ती वेगळीच. अॅनिका सोरेनस्टॅमचा स्विंग बघा. बॉलला क्लब लागतानाच तिचा चेहरा टार्गेटकडे वळायला लागलेला असतो. १० मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकली ती.

खडूस_काका
ती अॅनिका आहे, आपण शनिवार-रविवारवाले. आधी अ आ इ शिका, मग जोडाक्षरं.

मिनेसोटाकर
काका, ताठ हाताचंही तसंच. कॅल्विन पीटचं डावं कोपर लहानपणी मोडलं होतं, तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झालाच नाही. तरी १९८१ ते १९९० सलग दहा वर्षं ड्रायव्हिंगच्या अचूकतेत पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, पहिला तोच.

धागाकर्ते, बॉल सुटतानाच उजवीकडे जातो की सरळ जाऊन मग वळतो? बाकीच्या क्लबने काय होतं? फेसवर, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या भागावर, नेमका कुठे लागतो? व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर ठसठशीत ठिपका काढा, ठिपका क्लबच्या बाजूला ठेवून मारा. फेसवर ठसा उमटतो, कापडाने पुसला जातो.

दुपारचा_चहा
मार्कर घरी नाही. सुटतो सरळ, कधी किंचित डावीकडे, मग मधूनच वळतो. सात आयर्नही (मधल्या पल्ल्याचा क्लब) थोडा वळतो, वेज (जवळच्या फटक्याचा) बरा जातो. उपाय सांगा ना.

पोटोबा
कुठला ड्रायव्हर आहे? लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, साडेनऊ डिग्रीचा असेल तर विकून टाका, १२ चा घ्या. शिवाय बूट बघा. माझे जुने बूट घसरायचे, सॉफ्ट स्पाइकवाले घेतल्यापासून गेम बदलला. साइज एक नंबर मोठी घ्या, मोजे जाड असतात.

फटकेबाज
क्रिकेट खेळला असणार, कव्हर ड्राइव्हची सवय जात नाही. सोपं आहे, डावीकडे निशाणा धर, वळून आपोआप फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, येईल.

मिनेसोटाकर
नको! बॉल सुटतो मुख्यतः फेस बघत असेल त्या दिशेला, आणि वळतो ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. जुन्या पुस्तकांत हे उलटं शिकवायचे, म्हणून गोंधळ आहे. तुम्ही डावीकडे उभे राहिलात की क्लबही आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो, वळण वाढतं. वेज बरा जातो कारण लॉफ्ट जास्त, त्यामुळे बाजूला वळायला वाव कमी.

हिरवाई
एका गोल्फ कोर्सला रोज किती पाणी लागतं याचा कुणी विचार केलाय का? आमच्या सोसायटीत टँकर येतोय.

फटकेबाज
ताई, वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे बिचाऱ्याची नोकरी पणाला लागलीय.

अनुपमा_रा
ग्रिप बदलली म्हणजे नेमकं काय केलंत?

दुपारचा_चहा
व्हिडिओत सांगतात ती स्ट्राँग ग्रिप. घट्टच धरतो, तळव्याला घट्टे पडलेत. खाली बघितलं की वरच्या हाताची, म्हणजे उजव्या हाताची, मुठीवरची चारही हाडं दिसतात.

अनुपमा_रा
एक मिनिट. वरचा हात *उजवा*?

दुपारचा_चहा
हो, डावखुरा आहे मी. सेट मेव्हण्याने अमेरिकेहून आणला, इथे डाव्या हाताचे क्लब मिळायची मारामार. का?

मिनेसोटाकर
😂 अहो महाराज, हे पहिल्या ओळीत लिहायचं! उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उजवीकडे वळला तर स्लाइस, डावखुऱ्याचा वळला तर तो हूक, बरोबर उलटं दुखणं. तीन आठवडे तुम्ही स्लाइसचं औषध घेऊन हूक वाढवताय. २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये बबा वॉटसनने दहाव्या होलला झाडांतून असाच वळवून बॉल ग्रीनवर आणला होता. तोही डावखुराच. फक्त त्याने मुद्दाम वळवला होता.

खडूस_काका
मग उजवा हात ताठ ठेवा.

अनुपमा_रा
काका!!

चहाभाऊ, स्ट्राँग म्हणजे घट्ट नव्हे, हात ग्रिपवर किती फिरवून धरलाय त्याचं ते नाव आहे. दोन्ही हात थोडे टार्गेटकडे फिरवा, वरच्या मुठीची दोनच हाडं दिसली पाहिजेत. पकड इतकी सैल की टूथपेस्टची उघडी ट्यूब धरलीत तर पेस्ट बाहेर येऊ नये. आधी सात आयर्नने अर्धे स्विंग, ड्रायव्हर शेवटी.

पोटोबा
डावखुरा असलात तरी बूट बघाच.

दुपारचा_चहा
आज रेंजवर ५० ची बकेट मारली. पहिले दहा-बारा हातातून क्लब निसटेल असं वाटत होतं, शेजारचा माणूस दोन पावलं मागे सरकला. मग सात आयर्न सरळ जायला लागला. ड्रायव्हर अजून थोडा वळतो, पण झाडीपर्यंत जात नाही. मार्करही आणला. ठसे सगळे फेसच्या बाहेरच्या टोकाकडे.

मिनेसोटाकर
टोकाला लागला की गिअर इफेक्टने (बॉल आणि फेस दातेरी चाकांसारखे एकमेकांना फिरवतात) बॉल तुमच्यासाठी उजवीकडेच वळणार. म्हणजे ग्रिप सुधारली तरी उरलेलं वळण तिथून येतंय. बॉलच्या जरासं जवळ उभे राहून बघा.

फटकेबाज
रविवारचं काय झालं? पंधरा दिवस झाले, धागा अर्धवट सोडू नये.

दुपारचा_चहा
उजवीकडच्या झाडीत एकही गेला नाही. डावीकडच्या झाडीत चार. साहेबांचाही एक तिथेच होता, तीन मिनिटं दोघं मिळून शोधत होतो.