हरल्यावरही ‘जीजी’ का लिहितात?

नाशिकची_आई:
मुलगा नववीत आहे. संध्याकाळी मित्रांबरोबर कॉम्प्युटरवर वॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो. काल हरला, डोळे भरून आले होते, तरी चॅटमध्ये ‘जीजी’ लिहिलं आणि मगच उठला. त्याआधी मी जेवायला हाक मारली तेव्हा ‘एएफके’ लिहिलं होतं. विचारलं तर म्हणतो, “तुला नाही कळायचं, आई.” मला कळून घ्यायचंय. कुणी नीट सांगेल का?

जुना_कॅफेवाला:
ताई, साताऱ्यात २००४ पासून सात वर्षं माझा सायबर कॅफे होता. आठ मशीन, आठहीवर काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा गेम. जीजी म्हणजे ‘गुड गेम’, खेळ छान झाला. १९९८ साली स्टारक्राफ्ट हा कॉम्प्युटर गेम आला. दक्षिण कोरियात त्याचे सामने टीव्हीवर दाखवू लागले आणि तिथे रीतच पडली, हरणाऱ्याने जीजी लिहायचं आणि हार मान्य करून बाहेर पडायचं. जिंकणाऱ्याने ते आधी लिहिलं तर समोरच्याला अपमान वाटतो. माझ्याकडे पोरं चिडून माउस आपटायची, म्हणून मी नियम केला होता: जीजी म्हटल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. कितीतरी जणांना ते जमायचं नाही. तुमच्या लेकाला भरल्या डोळ्यांनी जमलं, मला फार कौतुक वाटलं.

एएफके म्हणजे ‘अवे फ्रॉम कीबोर्ड’, जागेवर नाही. वॅलोरंटमध्ये पाच-पाच जणांचे संघ असतात, आधी १३ राउंड घेईल तो जिंकला. एक उठला की उरलेल्या चौघांना पाच जणांशी लढावं लागतं. वारंवार उठणाऱ्याला काही काळ पुढच्या मॅचला बसूही देत नाहीत. हाक मारण्याआधी “स्कोअर किती झाला?” एवढं विचारून बघा.

नेटवर्कवाली_पुणे:
‘पिंग वाढला’ असंही ओरडत असेल. आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, मिलिसेकंदांत मोजतात. तो मोजणारा ‘पिंग’ नावाचाच प्रोग्राम माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीच्या सोनारचा आवाज ‘पिंग’, त्यावरून नाव. तो ओरडेल तेव्हा घरात दुसरं कुणी मोठं डाउनलोड लावलंय का ते बघा.

नाशिकची_आई:
आज विचारलं, “स्कोअर किती?” वळून बघतच राहिला. मग म्हणाला, “९-११, आई. दहा मिनिटं दे.” पोळ्या झाकून ठेवल्यात.