'थ'वरून मुलीचं नाव: भाऊ ग्रीक नावावर अडून बसलाय

मालवणची आत्या
भावाला मुलगी झाली. उत्तराभाद्रपदा, दुसरा चरण, म्हणजे अक्षर 'थ'. 'थ'वरून काय ठेवणार, थालीपीठ? भटजींनीही हसून विषय बदलला.

भाऊ ग्रीक मालकाच्या जहाजावर थर्ड इंजिनीअर आहे. परवा पिरेअस बंदरातून त्याचा मेसेज आला, 'थालिया ठेवू या, चीफसाहेबांच्या मुलीचं आहे, अर्थ बहरणारी.' मला आवडलं हो. पण आमची खाणावळ आहे. दारातच बोर्ड: सुरमई थाळी, बांगडा थाळी. आई म्हणते, "बोर्डार लिवलेला नाव चेडवाक कित्याक?" शाळेतली पोरं काय हाक मारतील ते मला आत्ताच ऐकू येतंय.

रविवारी बारसं. कानात कुर्र्र मलाच करायचंय. अर्थ खरा आहे का? 'थ'चं दुसरं काही?

दाभोळचा दर्यावर्दी
अर्थ खरा आहे. ग्रीकांच्या नऊ कलादेवींपैकी थालिया ही विनोदी नाटकांची देवी. घरात हसरं पोर हवं असेल तर वाईट नाही.

माझी बारा वर्षं ग्रीक बोटींवर गेली. तिकडे नावं शोधत बसायची फारशी पद्धत नाही, नातवाला सरळ आजोबांचं नाव. त्यामुळे सख्खे चुलतभाऊ दोघंही निकोस! वाढदिवसापेक्षा नावाच्या संताचा दिवस मोठा. निकोस म्हणजे निकोलस; संत निकोलस हा खलाशांचा, त्याचा दिवस ६ डिसेंबर. आमच्या एका बोटीवर कॅप्टन, बोसन (डेकवरचा मुकादम) आणि कुक तिघेही निकोस होते. त्या दिवशी जेवण चार वाजता मिळालं, कारण कुकच सणाला बसला होता.

शब्दवेडा, रत्नागिरी
ताई, 'थ'चं अजून एक घ्या: थिओडोरा. थिओस म्हणजे देव, डोरोन म्हणजे देणगी. थोडक्यात देवदत्ता. यातलं डोरोन आणि आपलं 'दान' एकाच मुळातले. थिओस आणि देव मात्र नुसते दिसायला सारखे, नातं काही नाही. 'देव'च्या भावकीतला खरा झ्यूस, ग्रीकांचा देवराज. आणि प्राचीन ग्रीकमधल्या थीटा या अक्षराचा उच्चार आपल्या 'थ'सारखाच होता, तेव्हा अक्षराला भटजींची हरकत नसावी.

हरकत घेतलीच, तर विदिशाजवळचा बेसनगरचा गरुडस्तंभ सांगा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तो वासुदेवासाठी उभारला हेलिओडोरस नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने. हेलिओस म्हणजे सूर्य, म्हणजे हा झाला सूर्यदत्त! स्तंभावर कोरलेल्या लेखात स्वतःला भागवत म्हणवतो.

तिसऱ्या चरणाचं 'झ' चालत असेल तर झोई बघा. अर्थ जीवन, आणि आपल्या 'जीव'चं भावंड.

मालवणची आत्या
सूर्यदत्तावर आई खूश! पण थिओडोरा म्हटल्यावर भाचा ओरडला, "डोरा! कार्टूनमधली!" ते बाद. झोई आईला 'झोप'सारखं वाटतं. आणि भटजी चरण सोडायला तयार नाहीत.

देवगडची काकू
अगो, पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, यात नवीन काय? माझ्या धाकट्याचं पत्रिकेतलं नाव बारशानंतर त्याच्या लग्नातच पहिल्यांदा ऐकलं, आणि नवरीकडचे विचारू लागले हा कोण. थालिया पत्रिकेत घाल, घरात काहीही म्हण.

मालवणची आत्या
बारसं झालं. कानात थालियाच म्हटलं. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, रेंज गेली ती नेमकी कुर्र्रच्या वेळी, म्हणून त्याच्यासाठी परत केलं. घरात हाक 'थालू'.

आणि आज सकाळी बघते तर आईने पेंटर बोलावलाय. बोर्डावर आता सुरमई ताट, बांगडा ताट.