मदत हवी आहे: चांदीच्या जुन्या खिशातल्या घड्याळाला दोनच फेरे किल्ली बसते

दातेरी

स्विस बनावटीचं किल्लीचं घड्याळ आहे, साधारण ४७ मिमी. मागच्या झाकणाच्या आत ०.९३५ आणि तीन अस्वलांचे छाप. आतल्या झाकणाला दोन भोकं, एक किल्ली द्यायला आणि एक काटे फिरवायला. लिव्हर एस्केपमेंट (चाकं एकेक दात सोडत नेणारी रचना), १५ माणकं (झीज टाळणारे खडे).

किल्ली बरोबर दोन फेरे फिरते आणि खटकन अडते. मग घड्याळ पंधरा-सोळा तास चालून बंद पडतं. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र; तासाला १८,००० ठोके, लिफ्ट अँगल ५२) तबकडी वर असताना अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, १७५ अंश, उभं धरलं की १३०. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक) ३.१ मिलिसेकंद. गंज नाही, बॅलन्सचे पिव्होट (आसाची बारीक टोकं) भिंगाखाली सरळ दिसतात, तेलही ताजं आहे. स्प्रिंग थकली असं धरून नवी मागवू का? आणि केस काळी पडलीय, तिचं काय करावं?

शनिवारपेठी

स्प्रिंग मागवायची घाई नको. आधी एक सांगा: अडण्यापूर्वी किल्ली हळूहळू जड होत जाते, की हलकीच असताना एकदम थांबते?

दातेरी

हलकीच असते. एकदम थांबते.

शनिवारपेठी

मग हा स्टॉपवर्कचा, म्हणजे किल्ली ठरावीक फेऱ्यांनंतर अडवणाऱ्या सोयीचा, घोळ आहे. स्प्रिंग पूर्ण भरली की किल्ली जड होत होत थांबते. हलक्या किल्लीला खटका लागतो याचा अर्थ लोखंडाला लोखंड अडतंय.

बॅरलच्या (स्प्रिंग असलेल्या डबीच्या) झाकणावर पाच हातांची चांदणी दिसेल. चार हातांच्या कडा आत वळलेल्या, पाचव्याची बाहेर फुगलेली. आर्बरवर (बॅरलच्या मधल्या आसावर) बोटासारखा एक दात असतो, तो किल्लीच्या दर फेऱ्याला चांदणी एक घर पुढे ढकलतो आणि फुगलेला हात समोर आला की अडतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फेरे मिळतात. स्प्रिंगची सुरुवातीची ढिली आणि शेवटची फार ताठ वळणं वापरात येऊ नयेत, एवढ्यासाठी ही सोय.

तुमच्या घड्याळात स्प्रिंग पूर्ण रिकामी असताना चांदणी मधल्या घरात बसवलेली दिसते. वर दोनच फेरे उरले, खालचे दोन पोकळ गेले. म्हणजे घड्याळ स्प्रिंगच्या सगळ्यात कमजोर भागावर चाललंय, १७५ चं कारण तेच. बॅरलचे आणि सेंटर पिनियनचे (तासाला एक फेरा घेणाऱ्या मधल्या चाकाच्या छोट्या दातेरी आसाचे) दात मोजा. ८० आणि १० असतील तर बॅरलचा एक फेरा म्हणजे ८ तास, दोन फेरे म्हणजे १६. तुमचा आकडा जुळतोच आहे.

भिंगवाला

वरच्या निदानाशी सहमत. पण उघडण्यापूर्वी ताण सोडा. किल्ली चौकटीवर (आर्बरच्या चौकोनी टोकावर) घट्ट धरा, क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) टोकदार लाकडी काडीने उचला आणि किल्ली बोटांतून अर्धा-अर्धा फेरा सरकू द्या. किल्ली सैल असेल तर हे करू नका. चौकटीचे कोपरे गेले की मग किल्ली बसतच नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी सुट्या किल्ल्या कधीकधी मिळतात, मात्र चौकट व्हर्नियरने मोजून जा. अंदाजाने आणलेली किल्ली हमखास एक नंबर मोठी निघते.

ज्या घड्याळात स्टॉपवर्क बरोबर बसवलेलं असतं त्यात सगळं सोडलं तरी बॅरलच्या पोटात अर्धा-पाऊण फेरा ताण राहतो. चांदणीचा स्क्रू काढताना आर्बर पिन व्हाइसमध्ये (हातात धरायच्या छोट्या शिकंजात) धरा, नाहीतर आर्बरवरचा बोटासारखा दात उसळून चांदणीचा हात तुटतो. ती बाजारात मिळत नाही, घडवावी लागते. पिन व्हाइस बोहरी आळीत मिळेल. जबडे पितळेचे नसतील तर मध्ये तांब्याची पट्टी घाला.

धुण्याबद्दल: पॅलेटचे (एस्केप चाक अडवणाऱ्या काट्याचे) खडे आणि रोलरचा (बॅलन्सच्या आसावरच्या चकतीचा) खडा लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे दोन भाग लायटरच्या पेट्रोलनेच धुवा, तेही खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब.

दातेरी

उघडलं. दात ८० आणि १०. चांदणी मधल्याच घरात होती. स्प्रिंग बाहेर काढली: उंची २.२, जाडी ०.१८, लांबी ४३० मिमी. बॅरलचा आतला व्यास १५, आर्बर ५. बाहेर पडल्यावर चांगली ऐसपैस उघडली. हीच परत घालू?

शनिवारपेठी

घाला. स्प्रिंगने बॅरलमधली निम्मी मोकळी जागा व्यापली पाहिजे. १५ चा वर्ग वजा ५ चा वर्ग म्हणजे २००, गुणिले ०.७८५ म्हणजे १५७, त्याचे निम्मे ७८.५, भागिले ०.१८. उत्तर ४३६ येतं. तुमची ४३० आहे, म्हणजे माप योग्य. काढल्यावर जेमतेम बॅरलच्या दुप्पट उघडली असती तर बदला म्हटलं असतं.

हाताने गुंडाळून कोंबू नका, ती शंकूसारखी पिळवटते आणि झाकणाला घासते. वाइंडर (स्प्रिंग गुंडाळून बॅरलमध्ये घालायचं हत्यार) वापरा आणि बोटं लावू नका. पुण्याच्या पावसाळी हवेत घामाच्या ठशावर गंज चढायला वेळ लागत नाही. स्प्रिंगला ८२०० ग्रीसचा पुसट हात, आर्बर आणि सेंटरच्या चाकाला डी-५ तेल, एस्केप, फोर्थ या चाकांना आणि बॅलन्सला ९०१० तेल, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. पॅलेटच्या पिव्होटना आणि फोर्कच्या खाचेत काही नाही.

आता चांदणी. तिच्याविना आर्बर पिन व्हाइसमध्ये धरून पूर्ण भरेपर्यंत फेरे मोजा. साडेपाच ते सहा यावेत. त्यातले चार वापरायचे, उरलेले खाली-वर वाटायचे. पावणेसहा आले तर रिकाम्या स्प्रिंगला पाऊण फेरा भरा, तिथेच धरून ठेवा आणि फुगलेला हात उलट्या दिशेला अडवेल अशी चांदणी बसवा. मग चार फेरे भरून बघा. खटका लागला पाहिजे आणि स्प्रिंगमध्ये अजून थोडी जागा उरली पाहिजे.

केसवाला

केसबद्दल दोनच गोष्टी. लक्ष्मी रोडवर किंवा कुठेही सराफाकडे बफवर देऊ नका, छाप पुसट होतात आणि बिजागरीची कड झिजते. दातांची पावडर, टूथपेस्ट, विभूती हे घरगुती उपायही नकोत, सगळ्यांनी ओरखडे पडतात. मशीन आणि काच काढून ठेवा, चांदी पुसायचं कापड वापरा आणि नक्षीतला काळपणा तसाच राहू द्या. तीन अस्वलं हा ०.९३५ चा स्विस छाप आहे. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर तो वापरात आला, म्हणजे घड्याळ त्याआधीचं नाही.

दातेरी

पावणेसहा फेरे निघाले. पाऊण फेरा भरून चांदणी बसवली. आता चार फेरे किल्ली बसते, अँप्लिट्यूड तबकडी वर असताना २३५, उभं २०५, चाल ३१ तासांच्या वर. बीट एरर मात्र ३.१ च आहे. कमी करू का?

भिंगवाला

यात स्टड (बॅलन्सवरच्या हेअर स्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा खुंट) हलवायची सोय नसते. हेअर स्प्रिंगची कॉलेट (आतलं टोक धरणारी कडी) बॅलन्सच्या दांड्यावर फिरवावी लागते आणि तिथे हात जरा चुकला की स्प्रिंग वाकते. घड्याळ पूर्ण थांबू द्या, मग न हलवता किल्ली द्या. एक-दीड फेऱ्यात आपोआप सुरू झालं तर हात लावू नका. हलवल्याशिवाय सुरूच होत नसेल तर बॅलन्स चालू असताना वरून फोटो काढून इथे टाका, कॉलेट कुठल्या बाजूला फिरवायची ते सांगतो.