संगीतपटांच्या व्हीएचएस कॅसेटी जमवण्यात अर्थ आहे का?

धंतोलीकर:
माझा विरोध बुरशीमुळे नाही, सुरामुळे आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपली टीव्हीची पॅल पद्धत २५ ची. कॅसेट बनवताना सिनेमा सरळ २५ नं पळवत, म्हणजे ४ टक्के जलद. आवाजही सोबत पळतो. पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन बसतं. गाण्यांसाठी सिनेमे जमवायचे आणि गाणीच चढ्या पट्टीत ऐकायची, हा कुठला शौक?

इतवारीकर:
पट्टी चढते भाऊ, गाणं बेसूर नाही होत. कॅसेट संगणकावर उतरवली, म्हणजे कॅप्चर केली, की चित्र आणि आवाज दोन्हींचा वेग ०.९६ करा, मूळ पट्टी परत. यातूनच कापाकापीही सापडते. १८० मिनिटांचा सिनेमा पॅलवर १७३ मिनिटांत संपला तर सगळं जागेवर आहे. १६५ भरला तर कोणीतरी एखाददुसरं गाणं उडवलंय. राहिला प्रश्न कॅसेटच का, तर मूळ मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या साउंडट्रॅकसाठी. पुढे डीव्हीडी काढताना कितीतरी सिनेमांच्या मोनोचं ५.१, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांत वाटलेला आवाज, करून ठेवलं, त्यात ढोलक एकीकडे आणि गायक भलतीकडे.

सदरवाला:
तुम्ही दोघं कानानंच सिनेमा पाहून राहिले. स्कोप म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमाची, उंचीच्या २.३५ पट रुंदी टीव्हीच्या १.३३ मध्ये कोंबली की ४३ टक्के चित्र जातं. दहा जणींच्या नाचातल्या चौघी पडद्याबाहेर! 'कागज के फूल' (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप, तिथून पुढचे स्कोप सिनेमे कॅसेटवर घेऊ नका. प्रभातचे जुने संगीतपट मात्र जवळजवळ चौकोनी, त्यांचं काही कापलं जात नाही. व्हीसीडी, म्हणजे सीडीवरचा सिनेमा, तर नावच नको. ३५२×२८८ चं चित्र, समूहनृत्य आलं की नुसते चौकोन नाचतात.

इतवारीकर:
मग लेझरडिस्क, म्हणजे सिनेमाची ती मोठी चकती, घ्या. हॉलिवूडचे संगीतपट वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण रुंदीत मिळतात, आणि त्या एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या, तिच्यात सिनेमा पळवत नाहीत, म्हणून सुराची पट्टीही बरोबर.

धंतोलीकर:
आणि प्लेअर? पायोनियरनं २००९ मध्ये बंद केले. शिवाय चकतीच्या दोन थरांमधल्या गोंदातून हवा शिरली की आतलं ॲल्युमिनियम गंजतं, चित्रावर ठिपके येतात आणि वाढतच जातात. त्याला औषध नाही.

महालकर:
वाद चालू द्या, पण नागपुरात कॅसेटी उन्हाळ्यानं कमी आणि कूलरनं जास्त मरतात. बाहेर ४५ अंश कोरडं, आत कूलरची ओल. कपाट कूलरच्या झोतात ठेवू नका. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून उभी ठेवा, डब्यात निळं सिलिका जेल टाका आणि ते गुलाबी झालं की बदला. जुनी कॅसेट घेताना तिच्या खिडकीतून टॉर्च मारा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पिठूळ रेघ, म्हणजे बुरशी, दिसली तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालायची नाही, बुरशी आतल्या फिरत्या ड्रमला लागून पुढच्या कॅसेटीला जाते. अशांसाठी भंगारातलं एक मशीन वेगळंच ठेवायचं. टेप तुटली तर मागचे पाच स्क्रू काढा आणि जोड स्प्लाइसिंग टेपनं पाठच्या, हेडला न लागणाऱ्या बाजूनं द्या. सेलोटेपचा गोंद उन्हात पाझरतो आणि ड्रमवरच्या, टेप वाचणाऱ्या हेडवर जातो.

सदरवाला:
हेड पुसायला इअरबड चालेल का?

महालकर:
अजिबात नाही. धागा अडकला की हेडचं टोक तुटतं. शॅमॉय चामड्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल घ्या, चामडं ड्रमला हलकं टेकवून स्थिर धरा, फिरवायचा तो ड्रम. वर-खाली घासलं की संपलं. टेप दाबून पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर चकाकत असेल तर रबर कडक झालंय. तो टेप घसरू देतो आणि तान थरथरते. ही थरथर वेग ०.९६ करून जात नाही, कारण ती दर क्षणी बदलते.

धंतोलीकर:
म्हणजे इतवारीकरांचा उपाय मशीन ठणठणीत असेल तरच. फुनाईनं २०१६ मध्ये शेवटचे व्हीसीआर काढले, रबर आणणार कुठून?

इतवारीकर:
म्हणूनच म्हणतो, आधी कॅप्चर करा, जमवणं मागाहून. कॅसेट संगणकात उतरवणारा स्वस्तातला यूएसबी डोंगल टाळा, तो फ्रेम गाळतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. मध्ये टीबीसी, म्हणजे चित्राची डळमळ सावरणारं यंत्र, लावा, फाइल लॉसलेस, म्हणजे काही न गाळता, ठेवा, तासाला ३०-४० जीबी धरून चाला.