वहिनी पाच महिन्यांची गरोदर, दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर निघतेय, तपासणी-बाळंतपणाचं काय करायचं?

बालाघाटचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आम्ही बीड जिल्ह्यातले, धारूरकडचे. भाऊ-वहिनीनं मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलीय, ती घराच्या पत्र्यात आणि आईच्या आजारपणात संपलीसुद्धा, आता कोल्हापूरकडं जायचंच आहे. वहिनीला पाचवा महिना चालू आहे, पहिला मुलगा दोन वर्षांचा, तोही सोबत जाणार. परवा हिमोग्लोबिन ८.४ आलं. तारीख फेब्रुवारीची दिलीय म्हणजे बाळंतपण तिकडंच कोपीवर, म्हणजे शेतातल्या झोपडीत, असताना येणार. गावात आशाताई आहे, अंगणवाडी आहे, सगळं नीट चालू आहे पण तिकडं कोण बघणार? गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड तिकडं चालतं का? पैशाची योजना मिळते का? कुणाला माहिती असेल तर सांगा, मी पुण्यात कंपनीत आहे, घरी फोनवरूनच समजावून सांगावं लागतं.

उसाचा_पट्टा
भाऊ सरळ सांगतो, वहिनीला पाठवूच नका. उसाची मोळी तीस-चाळीस किलोची असते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, पोटुशा बाईनं? उचल परत करा नाहीतर भाऊ एकटा जाऊ द्या.

फडातली_लेक
दादा तुमचं म्हणणं बरोबर आहे पण उचल परत करायला पैसे असते तर टोळीत गेलेच कशाला असते. आणि एकटा गेला तर अर्धा कोयता धरतात, नवरा-बायकोची जोडी मिळून मजुरीचा एक कोयता असतो हा हिशोबच असा लावलाय की बाईचं अंग दुखो नाहीतर पोट येवो तिला थांबता येत नाही. खाडा झाला, म्हणजे एक दिवस कामावर गेलं नाही, की मुकादम दंड कापतो. मी लहानपणी आईसोबत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, राहिलेय, पहाटे अंधारात निघायचं, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक, पाणी लांबून आणायचं, संडास नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी प्यायच्या. मग लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, आणि शेवटी कुणीतरी डॉक्टर सांगतो गर्भपिशवी काढून टाका. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. लोक म्हणतात बायका अडाणी आहेत, दवाखान्यात जात नाहीत. मला याचा फार राग येतो. दवाखान्यात गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड, हे कुणी धरतच नाही. तुमच्या वहिनीसाठी पहिलं काम हे करा की भावानं मुकादमाशी आत्ताच, निघायच्या आधी, चार माणसांसमोर बोलून घ्यावं की सातव्या महिन्यापासून ती मोळी उचलणार नाही, आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरायचा नाही. तिकडं गेल्यावर कुणी ऐकत नाही.

आशाताई_बीड
मी आशा आहे, तुमच्या शेजारच्याच तालुक्यात. ८.४ म्हणजे मध्यम ॲनिमिया, नुसत्या गोळ्यांवर फेब्रुवारीपर्यंत भरून येईल असं धरून चालू नका. निघायला अजून दिवस आहेत ना, तर ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा आणि सलाईनमधून लोहाचं इंजेक्शन देता येईल का विचारा, आयर्न सुक्रोज म्हणतात त्याला. गोळ्या चहासोबत घेऊ नये, आमच्याकडं बाया नेमकं तेच करतात. गोळ्यांचा साठा सोबत न्या, कॅल्शियमच्या पण. टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन राहिलं असेल तर घेऊनच निघा, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्तगट कार्डवर लिहून घ्या.

माता बाल संरक्षण कार्ड देशात कुठंही चालतं. ते ट्रंकेत घरी ठेवून जाऊ नका, प्लॅस्टिक पिशवीत अंगाजवळ ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून तुम्ही पण ठेवा. दोन वर्षांच्या मुलाचे दीड वर्षाचे बूस्टर झालेत का बघा, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहतो बऱ्याच जणांचा.

अंगणवाडी ताईला सांगून स्थलांतराच्या ॲपवर दोघांची नोंद करा, २०२२ पासून महाराष्ट्रात ती सोय आहे, मग तिकडच्या अंगणवाडीत आहार मिळायला पाहिजे. पण नोंद केली म्हणजे आपोआप कुणी कोपीवर येईल असं नाही, तिकडं पोचल्यावर स्वतः जाऊन सांगावं लागतं. पैशाचं म्हणाल तर मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० आहेत, दुसऱ्याला फक्त मुलगी झाली तर ६०००. त्यामुळं त्यावर आत्ता भरवसा ठेवू नका. जननी सुरक्षा योजनेचे, बाळंतपणासाठीचे ७०० मात्र बसतात का ते विचारा, आधार बँकेला जोडलेलं असू द्या.

सिस्टर_पंचगंगा
मी त्या टोकाला आहे, कोल्हापूर जिल्ह्यात उपकेंद्रावर. आमच्याकडनं कसं दिसतं ते सांगते. टोळी येते, शेतात कुठंतरी कोप्या पडतात, फड संपला की दुसऱ्या गावात, आम्हाला कळतच नाही कोण कुठं आहे. लसीचा साठा, गोळ्या सगळं गावच्या लोकसंख्येवर येतं, या बाया त्यात धरलेल्या नसतात. दवाखान्याची वेळ त्यांच्या कामाची वेळ. आम्ही संध्याकाळी कोपीवर जातो तेव्हा बाया भेटतात, पण सगळीकडं तसं होत नाही हे पण खरं आहे. पोषण, जनजागृती यावर खूप बोललं जातं, मला विचाराल तर सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे की सगळी व्यवस्था गावाला बांधलेली आणि बाई वर्षातले सहा महिने गावाबाहेर.

म्हणून तुम्हीच हे करा: टोळी कुठल्या गावात उतरणार ते मुकादमाकडून घ्या, पोचल्याच्या आठवड्यात वहिनीला तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन नाव घाला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, ती चुकवू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, गाडी सगळं मोफत आहे, कुठल्या जिल्ह्याची बाई हा प्रश्नच येत नाही, कुणी अडवलं तर भांडा. डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढं अंधारी, हातापायाला तोंडाला सूज, अंगावर रक्त, पाणी जाणं, बाळ कमी फिरणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८. आणि कोपी कुठं आहे ते ड्रायव्हरला सांगता येईल असं एखादं ठिकाण, डेपो, मंदिर, पाठ ठेवा. रात्री उसात गाडी फिरत राहते आणि वेळ जातो.

बालाघाटचा_पोरगा
ताई, सिस्टर, खूप आभार. भावाला आत्ताच फोन केला, उद्या ग्रामीण रुग्णालयात नेतोय. एक विचारायचं राहिलं, बाळ झाल्यावर किती दिवसांनी ती परत कामाला जाऊ शकते? मुकादम बारा दिवस म्हणतोय.

सिस्टर_पंचगंगा
बारा दिवस अजिबात नाही. ४२ दिवस तरी मोळी उचलायची नाही, तोपर्यंत आशानं घरभेटी द्यायच्या असतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. सिझर झालं तर त्याहून जास्त. बाळाला थंडीत फडावर नेऊ नका, छातीशी धरून ऊब द्या, सहा महिने फक्त आईचं दूध. जमत असेल तर सासूला किंवा आईला जानेवारीतच तिकडं बोलावून घ्या, आणि गाव कळलं की मला मेसेज करा, तिथली सिस्टर कोण आहे ते बघते.